रूळ गेले, वाट राहिली



या पानांतून आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असल्या विषयांवर लिहितो. या अंकातला विषय वाटेचा आहे. वाटेचा आणि उसाचा संबंध काय, असे कुणी विचारील. पाणंद बंद झाल्यामुळे ज्याचा फड मार्च उलटला तरी उभा राहिला, त्याला तो संबंध सांगावा लागत नाही.

निमित्त असे झाले. आपल्या घाटमाथ्यावरच्या कितीतरी सभासदांची सोयरीक घाटाखाली महाड-पोलादपूरला आहे. आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, पुढे महाड. पोलादपूर आणि खेड या दोन तालुक्यांच्या मध्ये मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडी घाट आहे. तिथे डोंगराच्या पोटातून सुमारे २ किलोमीटर लांबीचे जोडबोगदे खोदले गेले. २०२३ च्या गणपतीत त्यातला एक बोगदा हलक्या वाहनांसाठी उघडला, पुढे दुसराही वापरात आला. झाले, घाटातली वर्दळ बोगद्याकडे वळली. तेव्हापासून पाहुण्यांकडे बसलो की एकच विषय निघतो. "बोगदा झाला, ते बरं झालं. पण या जुन्या रस्त्याचं आता करायचं काय?" कुणी म्हणतो, दोन पावसाळ्यांत दरडीखाली जाईल. कुणी म्हणतो, कडेचे लोक हळूहळू आत सरकतील. आणि कॉलेजातली पोरे म्हणतात, "आम्हाला सायकलीला द्या."

यावर वडीलधारी मंडळी हसतात. आम्हाला मात्र पोरांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाही. जगात अनेक ठिकाणी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उचलून त्या पट्ट्यावर सायकलीच्या वाटा केल्या आहेत. त्यांचा अनुभव पाहिला तर कशेडीच्या प्रश्नाला उत्तर सापडते, आणि आपल्या पाणंदींनाही.

रुळाची वाट सायकलीला का मानवते

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे चटकन कळेल. चढ मोजायची रीत अशी, की किती अंतर चालल्यावर एक हात वर चढलो. १०० हात चालून एक हात चढलो तर तो १०० ला १ चा चढ. दोन टन उसाची गाडी अशा चढावर घातली, तर सपाटीवरच्या ओढीपेक्षा सुमारे २० किलोचा जादा ताण बैलांच्या मानेवर येतो. हाच चढ २० ला १ झाला की जादा ताण १०० किलोंवर जातो. डोंगरातल्या मोटाररस्त्याला साधारण २० ला १ चा चढ चालवून घेतात. रेल्वेला तो चालत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून रेल्वे बांधणाऱ्याला डोंगर फोडावा लागतो, दरीवर पूल टाकावा लागतो, वळण मोठे घ्यावे लागते. पण चढ मात्र मंदच ठेवावा लागतो.

आता बैलाच्या जागी माणूस धरा. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन. १०० ला १ च्या चढावर जादा जोर लागतो एक किलोहूनही कमी, २० ला १ वर चार किलो. म्हणून ज्याला घाटरस्त्यावर धाप लागते, तोच म्हातारा माणूस किंवा शाळकरी मुलगी रेल्वेच्या पट्ट्यावर सायकल सहज मारते. शिवाय भराव दाबून पक्का झालेला असतो, पाण्याचा निचरा आधीच केलेला असतो, मोऱ्या-पूल तयार असतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे, पण हा नागोबा कुणाला चावत नाही.

आमच्या एका सभासदाने हे ऐकून विचारले, "साहेब, रूळ काढल्यावर त्या जागंत ऊस का लावू नये?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच करू. १५ मीटर रुंदीचा पट्टा एक किलोमीटर धरला तर दीड हेक्टर, म्हणजे पावणेचार एकर जमीन होते. एकरी ४० टन धरले तरी १५० टन ऊस. पण तो भराव खडी-मुरमाचा, दाबून दगड झालेला. त्यात ४० टन तर सोडाच, बेणेसुद्धा परत मिळायचे नाही. त्या पट्ट्याची किंमत मातीत नाही. तो एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत सलग आहे, यात त्याची किंमत आहे. मधला शंभर मीटरचा तुकडा कुणी नांगरला की उरलेला सगळा पट्टा मातीमोल होतो.

आपल्या जिल्ह्याशेजारची उदाहरणे

महाडला जुना, बंद पडलेला रेल्वेमार्ग नाही, कारण तिथे रेल्वेच उशिरा आली. १९५७ साली दिवा ते महाड तालुक्यातल्या दासगावपर्यंत हवाई पाहणी झाली होती. पण रूळ १९६६ मध्ये आपट्यापर्यंत आणि १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आले. कोकण रेल्वेची गाडी महाडजवळच्या वीर स्टेशनात आली १९९३ मध्ये, आणि सारा मार्ग पुरा झाला १९९८ मध्ये. तेव्हा महाडकरांना रेल्वेचे पहिले पर्वच अजून चालू आहे.

जुना मार्ग पाहायचा तर रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बोरघाटात जावे लागते. तिथले काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. जेम्स बर्कले हे मुख्य इंजिनियर. १८६१ च्या सुमारास तिथे ४२,००० माणसे कामावर होती. बोगदे २५. अवघड जागी चढ ३७ ला १, म्हणजे रेल्वेच्या मानाने छातीवर येणारा. कॉलरा आणि तापाने किती मजूर गेले, त्यांची नावे कुठल्या शिळेवर नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये तिथे येऊन लगेच वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका पुढे नेला. घाटातून जाताना आमच्या भगिनींनी हे नाव आठवावे.

खंडाळ्याखाली कड्यावर गाडी वळवायला जागा नव्हती. म्हणून गाडी एका अरुंद कड्यावर नेऊन थांबवीत, इंजिन या टोकाचे काढून त्या टोकाला लावीत, आणि गाडी उलट दिशेने पुढे चढे. त्या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून मार्ग बदलला आणि ती जागा सुटली. जुन्या मार्गाच्या खुणा आजही आहेत, गिर्यारोहक मंडळी त्या पाहायला जातात. पण सलग, सुरक्षित, लोकांना खुली अशी वाट तिथे कुणी केली नाही. आणि एक सांगून ठेवतो: रेल्वेच्या हद्दीत परवानगीवाचून शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. पोरांनी उगाच धाडस करू नये.

पट्टा सलग राहिला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या वारकरी सभासदांना ठाऊक आहे. बार्शी लाइटची अरुंद गाडी १८९७ पासून सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. कितीतरी दिंड्यांतली म्हातारी माणसे तिच्यातून पंढरीला गेली. २००० नंतरच्या दशकभरात तिचे अडीच फुटी रूळ निघाले आणि रुंद रूळ आले. बऱ्याच ठिकाणी ते जुन्याच पट्ट्याने किंवा त्याच्या कडेने आले, कारण पट्टा हाताशी होता.

उलट बाजू विदर्भातली. मूर्तिजापूरहून यवतमाळला ११३ किलोमीटर आणि अचलपूरला ७६ किलोमीटर अशी धावणारी शकुंतला ही कापसासाठी घातलेली गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती थांबली आहे. तिथल्या लोकांची मागणी आहे की रुंद रूळ टाकून गाडी पुन्हा सुरू करा. ही मागणी आम्हाला पटते. जिथे लोकांना एसटीला पैसे पुरत नाहीत, तिथे गाडीच्या जागी सायकलीची मौज दाखवणे हा चेष्टेचा भाग होईल. मग सायकलवाटेचा तिथे काही उपयोग आहे का? आहे, आणि तो कसा हे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या भांडणातून समजते.

सातबारा आधी, सायकल मागाहून

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा असा एक रेल्वेमार्ग १९६४ मध्ये बंद झाला. राज्य सरकारने तो विकत घेतला आणि १९६७ मध्ये सुमारे ५१ किलोमीटरची सायकलवाट खुली केली. वाटेत तीन बोगदे, त्यातला सर्वांत लांब ३,८१० फुटांचा. आत मिट्ट काळोख, वरून पाणी ठिबकते. माणसे बॅटरी घेऊन सायकल हातात धरून चालत जातात. मधली विल्टन, नॉरवॉक, केंडॉल ही गावे आपल्या बाजाराच्या गावांपेक्षाही लहान. केंडॉलचे जुने स्टेशन आता त्या वाटेची कचेरी झाले आहे.

हे गोडगोड झाले. पण भांडणही झाले. तिथे अनेक ठिकाणी रेल्वेने जमीन विकत न घेता फक्त जाण्यायेण्याचा हक्क घेतला होता. रेल्वे उठली की जमीन मूळ शेतकऱ्याकडे परत. १९८३ मध्ये तिथल्या संसदेने कायद्यात दुरुस्ती केली: बंद मार्ग मोडीत काढू नका, पुढे कधी रेल्वे लागेल म्हणून तो सलग राखून ठेवा, आणि तोवर त्यावर लोकांना चालू द्या, सायकल चालवू द्या. पेढीत ठेव ठेवावी तसा पट्टा ठेवला. शेतकरी कोर्टात गेले. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने व्हरमाँटच्या एका खटल्यात सांगितले, कायदा योग्य आहे, पण ज्याची जमीन अडकली तो भरपाई मागू शकतो. २०१४ मध्ये वायोमिंगच्या खटल्यात तर जमीनमालकाच्या बाजूने निकाल लागला. हक्क जाण्यायेण्यापुरताच होता आणि मार्ग सोडताच तो संपला, असे कोर्टाने म्हटले.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, वाट करताना मालकी आधी साफ करा. सातबारा आधी, सायकल मागाहून. दुसरी, सायकलवाट आणि रेल्वे यांचे वैर नाही. वापरात असलेला पट्टा कुणी गिळत नाही, मग पुढे गाडी आणायची झाली तर जागा शिल्लक असते. शकुंतलेच्या बाबतीत सायकलीचा उपयोग एवढाच, राखणदाराचा.

उसाच्या वाटेवरची सायकल

ऊसवाल्यांसाठी एक खास गोष्ट. हवाई बेटांत साखरेचा धंदा १८३५ मध्ये काउआई बेटावरच्या कोलोआ गावी मळा घातल्यापासून वाढला. पुढे मजुरी वाढली, भाव पडले आणि २०१६ च्या डिसेंबरात तिथला शेवटचा साखर कारखाना बंद झाला. आज काउआईच्या पूर्व किनाऱ्यावर, कापाआ गावाजवळ, उसाच्या वाहतुकीच्या जुन्या वाटेवर लोक सायकली चालवतात. डावीकडे समुद्र आणि उजवीकडे एके काळचे उसाचे रान. कारखाना गेला, ऊस गेला, वाट राहिली म्हणून गावाला चार पैसे राहिले. याउलट ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये कारखाने चालू आहेत, तिथे सुमारे ४,००० किलोमीटरच्या दोन फुटी रुळांवरून अजून ऊस येतो. चालत्या रुळाला कुणी हात लावत नाही. आपला कारखाना चालू आहे आणि चालू राहो, पण ऊस नेणारी वाट उसाहून जास्त टिकते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

न्यूझीलंडमध्ये ओटागो भागात मिडलमार्चच्या पुढची रेल्वे १९९० मध्ये बंद झाली. २००० मध्ये त्या पट्ट्यावर सुमारे १५० किलोमीटरची सायकलवाट सुरू झाली. मेंढपाळांचा मुलूख, वस्ती विरळ. आता सायकलवाले तीन-चार दिवस मुक्काम करत जातात, आणि शेतकरी कुटुंबे त्यांना खोली आणि जेवण देतात. मोटारवाला घाटातून निघाला तर तासाभरात जिल्हा ओलांडतो. सायकलवाल्याला दर दहा किलोमीटरला पाणी लागते, वीस किलोमीटरला चहा, आणि संध्याकाळी पाठ टेकायला जागा. तो गरीब असो की श्रीमंत, त्याला थांबावेच लागते. वाटेवरच्या गावाचे पोट त्याच्या थांबण्यावर आहे.

कशेडीत काय करता येईल

कशेडीचा जुना रस्ता रेल्वेइतका मंद चढाचा नाही. तो घाटरस्ता आहे, तिथे मांड्यांत दम लागणारच. तरीही आंबेनळीपेक्षा तो बरा. पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटरांत १,३०० मीटर चढायचे, म्हणजे ३० ला १ चा चढ अखंड, त्यात मोटारींची गर्दी. कशेडीत चढ थोडका, सावली आहे, आणि जड वाहने आता कमी.

तरी तो रस्ता मोटारीला बंद करून फक्त सायकलीला द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. घाटातल्या वाड्यावस्त्यांची ये-जा त्यावर आहे. बोगद्यात बिघाड झाला तर तोच पर्यायी रस्ता. म्हणूनच तो जिवंत राहिला पाहिजे, आणि जिवंत ठेवण्याचा स्वस्त उपाय म्हणजे त्यावर माणसांची रोजची ये-जा. गटार तुंबले, मोरी खचली, कठडा सुटला हे मोटारीत काच लावून बसलेल्याला दिसत नाही. सायकलवाल्याला दिसते. त्याने ग्रामपंचायतीला सांगितले आणि ग्रामपंचायतीने बांधकाम खात्याकडे लेखी दिले, तर दरडीपूर्वी काही करता येते.

ही काळजी उगाच नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बस आणि इतर वाहने पाण्यात गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळीये गाव दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. तेव्हा जुनी वाट लोकांना देण्यापूर्वी तिचे पूल, मोऱ्या, वरचा उतार जाणकारांकडून तपासून घेणे ही पहिली अट. आणि जून ते सप्टेंबर वाट बंद, ही दुसरी. या दोन अटी पाळायच्या नसतील तर पोरांना तिकडे पाठवू नये.

पोलादपूरच्या पाहुण्यांना आमचे सांगणे असे. ग्रामसभेत विषय घ्या. रस्त्याच्या दोन्ही कडांची हद्द मोजून दगड रोवून घ्या. घाटातल्या चहाच्या टपरीवर पाण्याची घागर, हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान ठेवा, एवढ्याने सुरुवात होते. मोठी योजना येईल तेव्हा येईल.

आपल्या सभासदांपैकी कुणाला जायचे असेल तर एक अडचण आधीच सांगतो. कोकणात सायकलीला चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेच दिवस आपल्या गळिताचे. चिटबॉय, मुकादम, गाडीवान, कुणालाच त्या दिवसांत उसंत नसते. मे महिन्यात आपल्याला वेळ असतो, पण तेव्हा महाडचे ऊन माणसाला शिजवते. तेव्हा पाऊस उघडल्यावर आणि मोळी टाकण्याच्या आधी जे आठ-पंधरा दिवस मिळतात, तेवढेच खरे. ब्रेकचे रबर नवे घाला, उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा, एकच ब्रेक धरून ठेवू नका.

आता आपल्या बांधावरचे

ही सगळी कथा आम्ही का सांगितली? आपल्या कार्यक्षेत्रातही जुन्या वाटा आहेत, त्यांना आपण पाणंद म्हणतो. जुन्या नकाशावर ज्या वाटेने दोन गाड्या एकमेकींना चुकवून जात, तिथे आज ट्रॅक्टर अडकतो. दोन्ही बाजूंनी दरवर्षी एक सरी पुढे सरकली. एक सरी म्हणजे चार फूट. एका शेतकऱ्याला तीत काही मोळ्या जादा मिळाल्या असतील, पण मागच्या दहा जणांचा ऊस वेळेत निघेना. ऊस वाळला, वजन घटले, डोक्यावर मोळ्या वाहायची जादा मजुरी पडली, आणि भावकीत बोलणे बंद झाले ते वेगळेच.

अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ आहे. वाटच नसेल तर बांधावरून मागायला १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. दोन्हींसाठी तहसीलदारांकडे जावे लागते. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा चहाची बैठक बरी. पंचांसमोर नकाशा उघडा, टेप लावा, आणि दोघांनीही आपापली सरी मागे घ्या. कायमची मोकळी राहावी असे वाटत असेल, तर त्या वाटेवर रोज माणूस फिरू द्या. शाळेला जाणारी पोरे, दूध घालणारा, सकाळी फिरणारा म्हातारा, कुणीही. ज्या वाटेवरून रोज चाक जाते, तिच्यात नांगर घालायचा धीर कुणाला होत नाही.

या हंगामाची तोडणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गटातल्या सभासदांनी आपल्या शिवारातल्या अडलेल्या पाणंदींची यादी गट कार्यालयात आणून द्यावी. वाटेची लांबी, आजची रुंदी आणि तिच्या पलीकडे किती एकर ऊस आहे, एवढे लिहिले तरी पुरे. ज्या वाटेमागे ऊस जास्त, तिथे आमचे शेतकी खात्याचे कर्मचारी टेप घेऊन आधी येतील.